चार चुलींची एक यादी

काही प्रकरणं फाईल बंद झाली की डोक्यातून जातात. हे गेलं नाही, कारण याची फाईलच कधी झाली नाही. पोलीस खात्यात मी एकतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी विशेष शाखेत गेली, म्हणजे मोर्चे, संप, संघटना यांच्या मागावर. त्या नोकरीतले किस्से लोक आवडीनं ऐकतात. ही हकीकत मात्र निवृत्तीनंतरची आहे, शारजातली आहे, आणि हिच्यात मी चुकीचा माणूस पकडला. माझ्या हुशारीपायी एकाची नोकरी गेली आणि दुसऱ्याचा जीव गेला. नाव कुणाचंच देत नाही.

ठाण्याकडचा एक ओळखीचा कंत्राटदार तिकडे बांधकामाच्या धंद्यात मोठा झाला होता. २००८ ची मंदी आली आणि त्याची कामं एकेक करून थांबली. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागातली इमारत सातव्या मजल्यावर अडली. हमरिया बंदराजवळचं लोखंडी फॅब्रिकेशनचं यार्ड निम्म्या माणसांवर आलं. त्याचा फोन आला, "साहेब, तुम्ही या. माणसं चुळबुळ करायला लागली आहेत. मला इथे आपला माणूस हवा." घरी बसून मला कंटाळा आला होता. सिक्युरिटी मॅनेजर म्हणून गेलो.

मालकाच्या वडिलांचा ठाण्यातला छोटा कारखाना एका लांबलेल्या संपात कायमचा बंद पडला होता. मालक तेव्हा शाळेत होता. कारखान्याच्या फाटकाला लावलेला लाल बावटा तो अजून विसरला नव्हता. "एकदा युनियन आली की खलास, साहेब," हे वाक्य त्याच्या तोंडून दिवसातून दोनदा तरी यायचं.

दर शुक्रवारी शारजाच्या अल मजाज भागातल्या त्याच्या फ्लॅटवर चार मराठी कुटुंबं जेवायला जमत. नोकरी गेली तर महिन्याभरात देश सोडावा लागेल ही धास्ती प्रत्येकाच्या पोटात होती. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. बोलणं चालायचं ते कॅम्पातल्या कामगारांबद्दल. "ते बंगाली एकदा बिथरले ना, सगळं पेटवून देतील," असं एक इंजिनिअर म्हणायचा. "पूर्ण मार्केट डाऊन आहे आणि यांना संप सुचतोय. एकेकाला विमानात बसवा, यल्ला, चला निघा!" असं दुसरा. बोलणारेही परकेच होते, त्यांचाही व्हिसा दुसऱ्याच्याच हातात होता. माणूस वरच्याला घाबरलेला असला की खालच्याचा बंदोबस्त मागतो, हे मी खात्यात असताना शंभर वेळा पाहिलं होतं. तरी त्या टेबलावर मान डोलावत बसायचो.

एका सकाळी शारजाबाहेरच्या आमच्या लेबर कॅम्पात माणसं बसमध्ये चढलीच नाहीत. बसच्या सावलीत अर्धा तास जमिनीवर बसून राहिली. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. सुपरवायझरनं विचारलं, काय हवं आहे? कुणी बोललं नाही. जो बोलेल तो पुढारी ठरेल आणि पुढाऱ्याला आधी घरी पाठवतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अर्ध्या तासानं सगळे गुपचूप उठले आणि कामावर गेले. मालकाची झोप उडाली.

दुसऱ्याच दिवशी मला खबर मिळाली. कॅम्पाची व्यवस्था बघणारा एक केरळी माणूस होता, त्याला सगळे कॅम्प बॉस म्हणत. तो माझ्या केबिनचं दार लावून म्हणाला, "सर, वो कारपेंटर है ना, आपके महाराष्ट्रवाला, वो लीडर है. उसके पास कुछ लिस्ट है. ड्यूटी लगाता है सबका."

शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, मी त्या खोलीची झडती घेतली. सहा जणांची खोली, तीन दुमजली कॉट. सुताराच्या गादीखाली फरशीच्या खोक्याचा एक पुठ्ठा सापडला. त्यावर पेन्सिलीनं देवनागरीत आठवड्याचे वार आखलेले, प्रत्येक वारापुढे तास, आणि तासापुढे नाव. एक जायच्या आधी दुसरा हजर. पहाटेपासून पहाटेपर्यंत एक तासही मोकळा नव्हता. पोलीस ठाण्यात हजेरीच्या वेळी बंदोबस्ताचं वाटप मी वर्षानुवर्षं वाचून दाखवलं आहे. असा नेटका तक्ता माझ्या एकाही हवालदारानं कधी बनवला नव्हता.

त्या सुताराला ऑफिसात बोलावलं. देगलूरकडचा, चाळिशीचा, हात मोठे, आवाज बारीक. तो उभाच राहिला. मीही बस म्हणालो नाही.

"ही यादी कसली?"

"सैपाकाची हाय, साहेब. कुणी कवा रांधायचं ती."

इथे मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. कॅम्पातली माणसं आपापल्या मुलखाप्रमाणे चूल मांडतात. बंगाल्यांना मोहरीचं तेल लागतं, मल्याळ्यांना खोबरं, तेलंगणावाल्यांना तिखट, आणि बिहारकडच्यांचं आणखी वेगळं. चौघं चार भांड्यांत शिजवतात. एकाच खोलीत झोपतील, पण एका पातेल्यातलं खाणार नाहीत. आणि त्या यादीत चारही चुलींची माणसं एकाखाली एक लिहिलेली होती.

"हा सिल्हटचा बंगाली गवंडी आणि हा केरळचा फिटर एका चुलीवर कधीपासून जेवायला लागले?" मी विचारलं.

त्यानं हात जोडले. मग म्हणाला, "साहेब, आमच्या खोलीतल्या त्या वेल्डरला तेवढं गावाकडं पाठवा. त्याचा अर्ज हापिसात पडून हाय. दुसरं आमाला काई नको."

"त्याचं काय एवढं?"

"पोरगं वारलं त्याचं. तळ्यात बुडून. तो कामावर बी जात नाई. पडून ऱ्हातो."

हे मी ऐकलं. माझ्या वहीत लिहूनसुद्धा घेतलं. अर्ज पडून होता ही गोष्ट खरी होती. रजेचं काम बघणारा माणूसच कामावरून कमी झाला होता आणि त्याच्या टेबलावरचे कागद कुणी हलवले नव्हते. पण संप फोडताना मी शिकलो होतो की संघटना नेहमी एखाद्या दुःखी माणसाला पुढे करते आणि त्याच्या आडून मागण्या रेटते. मला वाटलं, हा मला भलतीकडे वळवतोय.

"मग या यादीचा आणि वेल्डरचा संबंध काय?"

तो जमिनीकडे बघत राहिला. मी तेच तीनदा विचारलं. आवाज चढवला, मग उतरवला, पाणी दिलं. खात्यातलं सगळं करून बघितलं, हात मात्र लावला नाही. तो एवढंच म्हणाला, "मला घालवायचं तर घालवा साहेब. ती यादी तेवढी राहू द्या."

निर्दोष माणूस आधी चिडतो, मग रडतो. गप्प बसतो तो कुणीतरी शिकवलेला असतो. हा माझा जुना आडाखा. त्याच्यावर मी पंचवीस वर्षं भरवसा ठेवला होता. त्या दिवशीही ठेवला.

संध्याकाळी मी मालकाला तोंडी अहवाल दिला. चार मुलखांची माणसं एका शिस्तीत आणली आहेत, चोवीस तास पहारा चालतो, सूत्रधार गप्प आहे, म्हणजे मुरलेला आहे. मालकानं माझे दोन्ही हात धरले. "साहेब, तुम्ही होतात म्हणून कळलं. मला तर वाटलं असतं यांचं स्वयंपाकपाण्याचं काहीतरी आहे." रविवारी त्या सुताराचा व्हिसा रद्द करून त्याला विमानात बसवलं. सोमवारी यादीतली बाकीची माणसं, एक सोडून, तीन वेगवेगळ्या कॅम्पांत पांगवली. पुठ्ठा मी मुद्देमाल म्हणून कपाटात ठेवला. वेल्डर राहिला त्याच खोलीत. त्याचं नाव यादीत नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष द्यायचं मला कारण दिसलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मालकाकडे श्रीखंड होतं. माझ्यासाठीच केलं होतं. सगळ्यांनी मला ती हकीकत पुन्हा सांगायला लावली आणि मी रंगवून सांगितली. मालकाची पंधरा वर्षांची मुलगी अमेरिकन शाळेत जायची. ती ताटावरून मान वर करून म्हणाली, "अंकल, वी आर डूइंग दिस इन हिस्टरी. द रेड स्केअर." तिच्या आईनं मराठीत सांग म्हटल्यावर तिनं अडखळत सांगितलं, पहिलं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत लोक कामगारांना, बाहेरून आलेल्यांना आणि लाल विचारांच्या माणसांना खूप घाबरले. घरात घुसून पकडलं, बोटीत भरून देशाबाहेर पाठवलं. "अँड मोस्ट ऑफ देम हॅडन्ट डन एनिथिंग, अंकल."

"बेटा, पुस्तकातलं वेगळं असतं," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो. वाटी अजून हातात होती तेवढ्यात कॅम्प बॉसचा फोन आला. वेल्डरनं खोलीत जीव दिला होता.

मी पोचलो तेव्हा तिथले पोलीस आले होते. त्यांचा अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा, शांत, नम्र. पंचनाम्यासारखं काम चाललं होतं. मी त्या कामात जन्म काढलेला, पण त्या दिवशी उंबऱ्यावरून आत पाऊल टाकवेना. त्यानं मला हिंदीत विचारलं, "इसके साथ कौन रहते थे?"

"पाँच लोग. एक को घर भेज दिया, तीन दूसरे कॅम्प में हैं."

"कब से?"

"सोमवार से."

"किसने भेजा?"

"मैंने."

त्यानं ते लिहून घेतलं. पुढे काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

खोलीत मागे राहिलेला पाचवा माणूस म्हणजे तो सिल्हटचा गवंडी. त्याचा हात मोडलेला, म्हणून मी त्याला हलवलं नव्हतं. पट्टी बदलायला दवाखान्यात गेला होता, तेवढाच वेळ वेल्डर खोलीत एकटा राहिला. बाहेरच्या पाण्याच्या टाकीपाशी तो बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो तर उठला नाही.

"साब, हम लोग उसको एक मिनट अकेला नहीं छोड़ता था," तो म्हणाला. "बच्चा मरने के बाद उसने एक बार पहले भी किया था. कारपेंटर मिस्त्री ने दरवाजा तोड़ के बचाया. फिर मिस्त्री ने सबका टाइम लिखा, दिन-शिफ्ट नाइट-शिफ्ट देख के. कौन कब बैठेगा, कौन बात करेगा, कौन खाना खिलाएगा."

"मला का नाही सांगितलंत?" मी मराठीतच विचारलं. त्याला ते कळलं.

"इधर ये केस होता है, साब. पुलिस को बोलेगा तो उसको जेल. आप भी तो पुलिस है."

तिकडे त्या काळी जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न हा गुन्हा होता. आपल्याकडेही होताच. मी स्वतः असे गुन्हे दाखल केलेले आहेत. तो सुतार माझ्यापुढे तासभर उभा राहिला, त्यानं नोकरीवर पाणी सोडलं, पण मला खरं सांगायचं धाडस त्याला झालं नाही, कारण समोर बसलेला माणूस पोलीस होता. ज्या यादीत मला कट दिसला तिच्यात चार मुलखांची माणसं, बारा-बारा तास राबून आल्यावर, एका परक्याच्या उशाशी बसत होती.

मालक दोन दिवस घरातून बाहेर पडला नाही. मग म्हणाला, "साहेब, आपण तरी काय करणार होतो?" अर्जावर सही करणार होतो, असं मी म्हणालो. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं झालं आणि महिन्याभरात मी परत आलो.

दोन वर्षांनी मी देगलूरकडे गेलो. व्हिसा रद्द करताना घेतलेल्या कागदांवर पत्ता होता. क्षमा मागायची असं घरून ठरवून निघालो होतो. तो अंगणात खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होता. मला बघून उठला, आतून खुर्ची आणली, हात पुसून नमस्कार केला. माझा एक शब्द निघायच्या आत त्यानं विचारलं, "साहेब, तो वेल्डर बरा हाय का?"

"बरा आहे," मी म्हणालो.

त्याचं तोंड असं उजळलं की पुढचं मला बोलवेना. त्यानं बायकोला हाक मारली, "ऐकलीस का? बरा हाय म्हणलालेत साहेब!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मग झालं. माझं काय, हितं बी हाताला काम हाय." मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पाचवीतली मुलगी वाढत होती. वर्गात पहिली आहे, दिसेल ते वाचत बसते, असं तो कौतुकानं सांगत होता. मी खाली मान घालून जेवलो आणि निघालो.

एकतीस वर्षांत मी कित्येकांकडून खरं वदवलं. एकदा मला सांगायचं होतं, ते जमलं नाही. या प्रकरणानं काय शिकवलं असं लोक विचारतील. घाबरलेल्या माणसाच्या पगारावर राहून तपास करू नये, एवढं शिकवलं. त्याला जे दिसतं तेच आपल्यालाही दिसायला लागतं. पण हे शिकून कुणाचं काही भलं झालं नाही. ज्याचं व्हायचं होतं तो उरला नव्हता.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. हे तिच्या हाती पडलं तर तिनं वडिलांना वाचून दाखवावं. मिस्त्री, मी तुमच्या अंगणात खोटं बोललो. तुम्ही विमानात बसलात त्यानंतर पाचव्या दिवशी तो वारला. त्याच्यापाशी बसणारी माणसं मी उचलून नेली, म्हणून वारला. तुमच्याकडून काहीही कमी पडलं नव्हतं.