वाळूवरून ओढलेला तराफा

नदीवर पत्रकं लिहिणाऱ्यानं नदीत कधी पाय घातलेला नसतो. दुसऱ्या कुणाबद्दल बोलत नाही, माझंच सांगतोय. चार वर्षं परभणीत ‘पूर्णा वाचवा’ म्हणून मी पत्रकं लिहिली, चौकात ओरडून वाटली, आणि नदी पाहिली ती बसच्या खिडकीतून, पुलावरून.

मागच्या हिवाळ्यात याची लाज वाटायला लागली. त्याच दिवसांत फोनवर उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातले व्हिडिओ बघत बसायचो. उन्हाळ्यात छोट्या होडीतून एकट्यानं महिनाभर फिरणारी माणसं. पाणी संपलं की होडी डोक्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. हिवाळ्यात नदी गोठली की तीच वाट कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाडीवरून. दिवसेंदिवस माणूस दिसत नाही. म्हटलं, आपणही जायचं. पूर्णा गावाच्या वर दोन दिवसांच्या अंतरावर पाण्यात उतरायचं, खाली यायचं, मग लिहायचं.

गटातले चौघं येतो म्हणाले. एकाची परीक्षा निघाली, एकाच्या घरी पाहुणे आले, दोघांनी फोनच उचलला नाही. आपल्याकडची चळवळ ही अशी.

होडी मिळाली पूर्णेजवळच्या एका मावशींकडून. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच मासे धरतात. होडी कसली, तराफा. थर्माकोलचे तक्ते पोत्यात गुंडाळून जुन्या जाळ्यानं करकचून बांधलेले.

“ने बाबा,” त्या म्हणाल्या. “पन शनवारी दिवस मावळायच्या आत मला पायजे. ऐतवारी बाजार हाय. जाळं टाकायला माज्याकडं दुसरं काय न्हाई.”

“दुपारीच आणतो, मावशी.”

“आन पानी सरलं की डोक्यावर घ्यायचा. वढायचा न्हाई.”

“हो, हो.”

सभेत मान डोलावतात तसा तो होकार होता.

गुरुवारी टेंपोनं तराफा वर नेला आणि पाण्यात सोडला. पोहायला येत नाही हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण बुडायला पाणी लागतं. नदी कंबरभर, मग गुडघाभर, मग नुसता ओला चिखल. धरणातून पाणी सुटेल तेव्हा वाहायचं, एरवी डबकी होऊन पडून राहायचं. काठाला ज्वारी डोलत होती, पाणी उपसणाऱ्या मोटारी घुरघुरत होत्या आणि मधे मी. पहिल्या दुपारी मोठ्यानं भाषण करून पाहिलं. बगळा उडाला.

दोन दिवसांत माझ्याशी बोलला एकच माणूस. मोटारीपाशी उभा होता.

“ए, कोन रं? मोजनीला आलास का?”

“नाही काका, नदी पाहायला.”

“नदी बघायलाय! एकलाच?”

“एकटाच.”

“लगीन झालं का?”

“नाही.”

“व्हनार बी न्हाई,” म्हणाला आणि त्यानं मोटार चालू केली. मी अजून थोडा वेळ तिथंच थांबलो होतो. आणखी काही बोलेल असं वाटलं होतं.

शुक्रवारी दुपारी पाणी संपलंच. पुढं लांबवर वाळू आणि वाळूचोरांनी पाडलेले माणसाएवढे खड्डे. तराफा डोक्यावर घेतला. भिजलेली पोती, मान मोडायची वेळ. दोनदा उतरवला. तिसऱ्यांदा घसरगाडी आठवली. कुत्री नव्हती, मी होतो. दोरी कंबरेला बांधली आणि ओढायला लागलो. ओल्या वाळूवरून तराफा असा सरकला म्हणून सांगू! खोटं कशाला बोलू, मजा आली. एकटाच घोषणा देत चाललो होतो.

वाळूखाली खडक असतो. मागं वळून पाहिलं तेव्हा मी आलो त्या वाटेवर पांढऱ्या दाण्यांची रेघ उमटली होती, लय लांबपर्यंत. बर्फ हवा होता ना, घे. पोतं फाटून खालचा तक्ता निम्मा झिजला होता. नदीतल्या थर्माकोलविरुद्धचं पत्रकसुद्धा माझंच. शर्टाच्या ओच्यात दाणे गोळा करायला बसलो. वाऱ्यानं ते काठच्या ज्वारीत नेले. पुढच्या डबक्यात तराफा एका अंगाला कलंडला, तो सरळ झालाच नाही. मग उरलेली वाट तो डोक्यावर घेऊन काठानं चाललो. आता तो हलका झाला होता.

शनिवारी ऊन कलताना पोहोचलो. मावशी काठावर बसून होत्या. त्यांनी फाटक्या पोत्यात हात घालून पाहिला.

“वढलास?”

“हो.”

“सांगितलं हुतं की रं.”

“सोमवारी परभणीहून नवीन आणून देतो, मावशी.”

“सोमवारी बाजार न्हाई.”

तराफ्याच्या जागी तरंगायला त्यांनी तेलाचे दोन रिकामे डबे कंबरेला बांधले, कासोटा घट्ट केला.

“मी उतरतो पाण्यात,” मी म्हणालो.

“पवायला येतंय?”

मी मान आडवी हलवली.

“मग धर हे.” जाळ्याचं एक टोक माझ्या हातात देऊन त्या डोहात उतरल्या. डिसेंबरचं पाणी. त्यांचं डोकं आणि दोन पिवळे डबे, एवढंच दिसत होतं. मधे एकदा थांबल्या, खोकल्या, पुन्हा निघाल्या. काठावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. काहीतरी ओरडून सांगावंसं वाटलं.

“ताण धर की रं!” पलीकडून हाक आली.

मी दोन्ही हातांनी धरला.