पंचवीस जूनचा फळा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर दिनविशेष आला. पंचवीस जून. १९७५ : देशात आणीबाणी जाहीर. १९८३ : भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. एकाखाली एक अशा त्या दोन ओळी वाचल्या आणि हातातला चहा तसाच राहिला.

चौऱ्याऐंशी साली मी नाशिकरोडच्या शाळेत नववीत होतो. दारातल्या फळ्यावर आमच्या मराठीच्या बाई रोज दिनविशेष लिहायच्या. त्या दिवशी त्यांनी आणीबाणीची एकच ओळ लिहिली होती. आपण कप जिंकल्याला वर्ष झालं आणि फळ्यावर त्याचा पत्ताच नाही! माझं डोकंच फिरलं. ओल्या फडक्याने ती ओळ पुसली आणि पिवळ्या खडूने फळाभर कप काढला. ओल्या फळ्यावरच्या खडूचा तो वास अजून नाकात आहे.

मागे वळलो तर बाई उभ्या. मला वाटलं, आता कान पिळणार. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "छान काढलास रे. खाली साल घालायचं राहिलंय." आणि त्यांच्या हातातला पांढरा खडू त्यांनी मला दिला.

दहावीच्या निरोप समारंभाला कुणीतरी सांगितलं. आणीबाणीत बाईंच्या यजमानांना घरातून उचलून नेलं होतं. तुरुंगातून ते आजारी होऊनच आले आणि महिन्याभरात गेले.

समारंभात बाईंच्या पाया पडलो.

कप जरा लहान काढला असता, तर वर त्यांची ओळ सहज मावली असती.