अंबादासचं दाढीचं मशीन

तमाम जालनेकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, दाढीची कोणती पत्ती कोणत्या गालाला मानवते हे छातीठोकपणे सांगणारा शहरातला एकमेव माणूस आता राहिलेला नाही. अंबादास गेला. कावीळ झाली आणि गेला... आमच्या मस्तगडच्या खोलीत आता मी एकटाच.

तो केदारखेड्याचा. वडिलांशी, म्हणजे तात्यांशी भांडून, शेती सोडून जालन्याला आला आणि जिनिंगमध्ये कापूस तोलायला लागला. पुढे तात्यांचा राग निवळला. दिवाळीला घरी ये, असा निरोप आला. त्या आनंदात गड्याने ठरवलं की जायचं ते स्वतःच्या हाताने गुळगुळीत दाढी करून. न्हाव्याचा वस्तरा बंद, मशीन आणायचं.

ते निवडायला मारवाडी शेठजींच्या दुकानात आम्ही किती फेऱ्या मारल्या, विचारू नका. हे हलकं, त्याची दांडी निसटती, तिसऱ्याचे दात फार उघडे. विलायती पत्ती मऊ पण महाग, देशी पत्ती केस कापण्याऐवजी उपटणार. प्रत्येक पत्ती उजेडाला धरायची, मग मनगटावरचे केस भादरून बघायचे. शेवटी मनगटावर केसच उरले नाहीत, तेव्हा शेठजी म्हणाले, "अंबादासभाऊ, मशीन घेऊ राह्यलात का जावई बघू राह्यलात?"

अखेर एक पितळी मशीन आणि विलायती पत्ती पसंत पडली. आरशासमोर मुहूर्त लागला. पहिल्याच ओढीत मिशीचं डावं टोक गेलं. बरोबरी करायला उजवं घेतलं, ते जरा जास्त गेलं, म्हणून पुन्हा डावं... दोन्ही बाजूंना न्याय देता देता ओठावर काहीच उरलं नाही. मी पोट धरून हसलो.

पण आमच्याकडे बाप गेल्यावरच मिशी उतरवतात. जिनिंगमध्ये पाऊल टाकताच मुकादमाने खांद्यावर हात ठेवून त्याला सुट्टी दिली. शेठजींनी गादीवरून उठून हात जोडले. बाप ठणठणीत आहे, असं तो सांगत सुटला. लोकांना वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. केदारखेड्याचा कुणीतरी बाजाराला आलेला होता. त्याने हे पाहिलं आणि तात्यांच्या मरणाची बातमी खुद्द तात्यांनाच नेऊन दिली.

अंबादास पुरावा म्हणून मशीन घेऊन गावी गेला. तात्या ओसरीवर दोर वळत होते. मान वर न करता ते सालगड्याला म्हणाले, "त्याला सांग, तुझा बाप मेला. मेलेल्याशी काय बोलायलास म्हणावं."

मिशी पुन्हा आली, पहिल्यापेक्षा झुबकेदार. ती कोरून, तेल लावून तो प्रत्येक सणाला गावी जायचा, तात्यांसमोर बसायचा. तात्यांची मान खालीच. परत आला की मशीन पुसून कोनाड्यात ठेवायचा आणि म्हणायचा, पुढच्या सणाला बोलतील. मी म्हणायचो, बोलतील की. दोघांनाही ते खरं वाटायचं नाही... अशी वर्षं गेली.

दुखणं वाढलं तेव्हा मी गावी निरोप धाडला. तात्या मोटारीने आले, पण तोवर अंबादासला अंगणात आणून ठेवलं होतं. म्हातारा जवळ बसला, तोंडावरचं कापड बाजूला केलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पोराकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग माझ्याकडे वळून एकदम बोलून गेला,

"अरे, मिशी कधी आल्ती ह्याची?"