मिस्त्रींनी स्टिअरिंगला हात लावला नाही

काल्हेरच्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी मला वाचवलं, हे आधी लिहितो. मी सातवीतून शाळा सोडलेला, बायकापोरांना सांगलीकडे ठेवून इथे टेम्पो चालवणारा घाबरट माणूस.

मिस्त्री वर्षातून एकदा मद्रासला मोटारींच्या शर्यतीत उतरतात. वेगात वळताना मान एका बाजूला ओढली जाते, म्हणून ती घट्ट करायला रोज सकाळी हेल्मेट घालतात, त्याला बांधलेली सायकलची ट्यूब मला बाजूने ओढायला लावतात आणि मान ताठ ठेवतात. त्यातच विचारतात, "आत्ता गेला त्या ट्रकचा नंबर काय?" मला कधीच सांगता यायचा नाही.

"डोळे उघडे हायत, पन बघत न्हाय तू!"

एकदा ते शेजारी बसलेले असताना कशेळीच्या पुलावरून उतरताना माझा ब्रेक गेला. पुढे माणसांनी भरलेली रिक्षा. माझे हात थिजले. मिस्त्री स्वतःच्या मांडीवर हात ठेवून सावकाश म्हणाले, "श्वास सोड. लांब बघ. गिअर खाली घे. आता हँडब्रेक, हलूच." टेम्पो रिक्षामागे हातभर अंतरावर थांबला.

"स्टिअरिंग ओढून घ्यायचं ना, मिस्त्री!" मी रडवेला झालो.

"मग उद्या तू चालवला असतास काय? बोल, रिक्षाचा नंबर?"

मी न अडखळता सांगितला.

एक दिवस मी त्यांच्यासोबत मद्रासला जाणार आहे. तोवर त्यांची मान तयार करायचं काम माझं.