वेखंड लावलेलं पिल्लू

गेल्या महिन्यातला शेवटचा रविवार. तिसगावात कॉलेजात शिकवायला आल्यापासून मी राहते त्या खोलीच्या मागे, पाण्याच्या टाकीला टेकून ठेवलेल्या गोणपाटांवर काळी व्याली. काळी म्हणजे गल्लीतली कुत्री. ती कुणाचीच नाही, पण संध्याकाळची भाकरी माझ्याकडे खाते.

पाच पिल्लं होती. चार पोटाला चिकटलेली, पाचवं हातभर अंतरावर, मातीत. उंदराएवढं… हात लावला तर गार. मेलं असं वाटलं. मग त्याचा एक पाय हलला.

मी ते घरात आणलं. आमच्या घरात बाळ जन्मलं की आधी अंघोळ, मग वेखंड. हात आपोआप तिकडेच गेला. बहिणीचं बाळ दिवाळीत राहून गेलं होतं, त्याची वेखंडाची डबी फळीवर होती. पिल्लाला कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं, पुसलं, पोटाला वेखंड लावलं आणि दुपट्यात गुंडाळलं. मांडीवर उताणं घेऊन ड्रॉपरनं दूध घातलं. दोन थेंब गेले. तिसरा नाकातून बाहेर आला.

घाबरले. वाटलं, त्याच्या आईकडेच बरं. काळीपुढे ठेवलं. तिनं हुंगलं, शिंकली, आणि तोंड फिरवलं. मग उठून उरलेल्या चौघांना पलीकडे ओढून घेतलं.

पिल्लू मध्ये एकटं. मी तिथेच उभी… आता काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

भिंतीपलीकडे लंकामावशी राहतात. साठीच्या आहेत. सात शेळ्या आहेत त्यांच्या. त्या वेळी गोठा झाडत होत्या. पिल्लू पुढे केलं तर त्यांनी आधी हुंगलं.

"मॅडम, बारसं बी उरकलं का?"

त्यांनी करंगळी पिल्लाच्या तोंडात घातली.

"तोंड गार हाय. गार तोंडात दूध घालू न्हाई. आत गेलं तरी पचत न्हाई. आधी ऊब."

एवढं बोलून त्यांनी पिल्लू पोलक्यात, छातीशी ठेवलं, वरून पदर खोचला आणि पुन्हा खराटा उचलला. गोठा झाडून झाला. शेळ्यांना पाला टाकून झाला. मी पायरीवर बसून त्या पदराकडे बघत होते. मध्येच त्या थांबायच्या, मान खाली घालून अंदाज घ्यायच्या, पुन्हा कामाला लागायच्या.

तासाभरानं पदरातून चूं असा आवाज आला. "आता मागतंय," मावशी म्हणाल्या.

त्यांनी शेळीचं दूध वाटीत काढलं. ताजं, शेळीच्याच उबेचं. कापसाची वात वळली, दुधात बुडवली आणि पिल्लाला पालथं धरून वात ओठांना लावली.

"कुत्रं उताणं पितं का कधी? आपल्या लेकराचं न्यारं, ह्याचं न्यारं."

वात जिभेला लागली. पिल्लानं ती धरली. चार वेळा, पाच वेळा… मावशींनी हात थांबवला. मला वाटलं, अजून द्यावं. त्यांनी नुसती मान हलवली. मग ओल्या फडक्यानं शेपटीखाली हळूहळू पुसलं, काळी जिभेनं करते तसं. फडक्यावर एक पिवळा डाग पडला.

"प्वाट मोकळं झालं," म्हणत तो डाग त्यांनी मला उजेडात नेऊन दाखवला. पिल्लू दूध प्यायलं तेव्हाही त्या इतक्या खूश झाल्या नव्हत्या.

दर दोन तासांनी वात. दुपारपासून ते काम माझं, ऊब त्यांची. मी घाईनं वात दाबायचे. "वात दाबू नका, त्यालाच वढू द्या," एवढंच त्या सांगायच्या. रात्री पिल्लू त्यांच्याच कुशीत होतं.

सोमवारी सकाळी ते ओरडत होतं. लहान आवाज, पण हट्टी. मावशी म्हणाल्या, "आता ह्याला आईकडं. आपलं दूध किती दिस पुरनार?"

मी म्हटलं, ती नाही घेणार. वेखंडाचा वास गेलेला नाही अजून.

"करडू मेलेल्या शेळीला आमी दुसरीचं करडू लावतो. वासाचंच काम हाय सारं."

त्यांनी काळीच्या खालचं ओलसर गोणपाट ओढून पिल्लाच्या अंगावर घासलं. पाठ, पोट, डोकं. मग काळीच्या पोटाशी हात नेला. ती गुरगुरली. "गप गं, तुझंच हाय," मावशी म्हणाल्या, आणि तिच्या दुधाचे चार थेंब काढून पिल्लाच्या पाठीला चोळले.

पिल्लू खाली ठेवलं. काळीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. खूप वेळ… मी दुपट्याचं टोक मुठीत धरलं होतं.

मग तिनं जीभ काढली आणि त्याला पाठीपासून चाटायला सुरुवात केली.

मावशींनी धाकट्याला अगदी मागच्या सडाला लावलं. "हितं दूध जास्त असतं. तुमी बाकीच्यांना थोडा येळ धरून बसा. सकाळ-संध्याकाळ." आणि त्या शेळ्या सोडायला गेल्या. मागे वळूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून रोज कॉलेजला निघायच्या आधी मी चार धष्टपुष्ट पिल्लं ओच्यात धरून बसते. ती नखांनी ओरबाडतात, धाकटं निवांत पितं. परवा त्याचे डोळे उघडले. फोटो काढून मावशींना दाखवायला गेले, तर त्यांनी मोबाईलकडे बघितलंच नाही. "प्वाट बघितलं का त्याचं?" एवढंच विचारलं. घट्ट होतं. सांगितलं.

त्या दिवसापासून आजपर्यंत मावशी मला एकदाही 'चुकलात' म्हणाल्या नाहीत. हात कुठे ठेवायचा, तेवढं दाखवलं. मीही शिकवते, पण मला अजून असं शिकवता येत नाही.

वेखंडाची डबी बहिणीकडे परत पाठवली.