कोंबडीचोर

शनिवारी माझ्या पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. दुसऱ्या दिवशी चर्च, म्हणून गिरणीतल्या साऱ्या बाया केस सेट करून घ्यायला यायच्या. आणि दुपारी टीव्हीवर कुस्ती लागायची, म्हणून केस झाले तरी एकही जण उठायची नाही. आता गिरणी बंद पडली, पार्लरच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. तरी शनिवारची दुपार झाली की केसांच्या औषधाचा तो उग्र वास मला अजून येतो, आणि त्यामागोमाग मिस आयडेलांचा आवाज.

मिस आयडेला गिरणीत सूत काढायच्या खात्यात होत्या. आमच्याकडे लग्न झालेल्या थोर बाईलाही मानाने 'मिस'च म्हणायचे. यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय जडलेली, त्यामुळे त्या कानात काही सांगायला लागल्या तरी रस्त्यावर ऐकू जायचं. अंगाने काटकुळ्या, केस जेमतेम मूठभर. पण ड्रायरखालची मधली खुर्ची त्यांचीच, कारण तिथून टीव्ही सरळ दिसायचा.

मतांची आमच्याकडे वाण नव्हती. पंच आंधळा आहे, हे गिरणीतल्याच ओपलचं मत. आंधळा नाही, विकला गेलाय, हे तिच्या जावेचं. दोघी त्यावरून एकदा महिनाभर बोलत नव्हत्या. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: बॅरन फॉन क्रोल या पैलवानाएवढा नीच माणूस पृथ्वीच्या पाठीवर नाही. डोक्यावर काळी टोपी, एका डोळ्याला काच, आणि पंचाची पाठ फिरली की चड्डीतून मूठभर मीठ काढून समोरच्याच्या डोळ्यांत फेकायचा.

"अगं बाई, मीठ! त्याच्या हातात बघा ना!" ओपल किंचाळायची.

"कोंबडीचोर!" मिस आयडेला गरजायच्या. "मेल्या जर्मना, कोंबडीचोरा, हात झडतील तुझे!"

आता हा बॅरन काही जर्मनीचा नव्हता. गिरणीच्या वसाहतीतल्या तिसऱ्या गल्लीतला हॉईट तो, मिस आयडेलांचा एकुलता एक मुलगा. पार्लरमधल्या प्रत्येकीला हे ठाऊक होतं आणि एकीच्याही तोंडून ते कधी निघालं नाही. धंद्याची रीतच तशी होती. दुष्टाचं सोंग घेतलेला पैलवान आईची पिशवी उचलताना दिसला, चारचौघांत गोड हसला, की संपला. कुस्तीच्या मालकाने हॉईटला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लोक तुझ्यावर थुंकतात तोवर नोकरी. गप्प बसले की घरी."

म्हणून हॉईट दुसऱ्या गावी राहायचा आणि रविवारी अंधार पडता पडता आईकडे मागच्या दाराने यायचा. आमची मागची दारं समोरासमोर, त्यामुळे मला दिसायचं. मिस आयडेला कोंबडी तळून ताटलीत काढायच्या आणि मुद्दाम पाठ करून उभ्या राहायच्या. तो दांडगा माणूस हळूच तंगडी उचलायचा. मागे न बघता त्या म्हणायच्या, "कोंबडीचोर!" पोरगं टेबलाएवढं होतं तेव्हापासूनचा त्यांचा हा खेळ.

एकदा बँकेतल्या नव्या कारकुनाची बायको केस करायला आली, ग्लेंडा नावाची. शहरातली होती. थोडा वेळ टीव्ही बघून म्हणाली, "तुम्ही हे खरं मानता? सगळं आधी ठरलेलं असतं. खोटंखोटंच पडतात ते."

माझ्या हातातला रोलर हातातच राहिला.

"खोटं?" मिस आयडेलांनी ड्रायरखालून डोकं बाहेर काढलं. "खोटं म्हणे! त्याच्या पाठीला एकदा मलम लावून बघ. दर रविवारी लावते ना मी, बोटांना कळतं कुठलं हाड..."

आणि त्या थांबल्या. तोंडावर हात गेला. पोराच्या पोटावर आपणच पाय दिला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

बोलणं त्या घरघरीत बुडावं म्हणून मी तिन्ही ड्रायर एकदम फुल केले.

"पंच आंधळा आहे मेला!" ओपल ओरडली.

"आंधळा कसला, विकला गेलाय!" तिची जाऊ.

ग्लेंडाने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "तो जर्मन फारच वाईट दिसतो हो." त्या दिवसापासून ती आमची झाली.

पुढच्या हिवाळ्यात मिस आयडेला गेल्या. सुताची धूळ छातीत बसली होती, शेवटी शेवटी तो आवाजही उरला नव्हता. हॉईट सगळ्यांदेखत पुढच्या दाराने आला आणि त्याने आईच्या शवपेटीला खांदा दिला. ढसाढसा रडला. बायांनी त्याला जवळ घेतलं, ज्यांनी कुस्त्यांना जाऊन त्याच्यावर बाटल्या फेकल्या होत्या त्यांनी त्याचे हात हातात घेतले. मला भरून आलं, आणि लगेच मनात आलं, हा चांगुलपणा त्या पोराला उपाशी मारणार होता.

त्या शनिवारी मी पार्लरला कुलूप घातलं, ओपल, तिची जाऊ आणि ग्लेंडाला गाडीत कोंबलं आणि कुस्ती जिथून दाखवायचे तो टीव्हीचा स्टुडिओ गाठला.

बॅरन आला. तीच टोपी, तीच काच. आणि त्याची आई गेल्याचं कळलेले लोक उठून उभे राहिले. पुरुषांनी टोप्या काढल्या. कुणी चकार शब्द काढेना. रिंगणात हॉईटला आपले हात कुठे ठेवावेत कळेना. कॅमेऱ्याशेजारी मालक हाताची घडी घालून उभा होता. निवेदक दर आठवड्यासारखा माइक घेऊन प्रेक्षकांत उतरला आणि नेमका माझ्यापुढे आला. "बॅरनबद्दल आपलं काय मत, बाई?"

मला मिस आयडेलांसारखा आवाज नाही. तरी सगळा जीव एकवटून ओरडले, "कोंबडीचोर! मेल्या जर्मना, कोंबडीचोरा, हात झडतील तुझे!"

तो चमकून वळला. क्षणभर तो नुसता हॉईट होता.

"मीठ! त्याच्या चड्डीत मीठ आहे!" ग्लेंडा खुर्चीवर चढून किंचाळली, आणि मग जी बोंबाबोंब उठली ती काही विचारू नका. कागदी पेले उडाले, शिव्यांचा पाऊस पडला. मालकाने हाताची घडी सोडली. बॅरन दोरावर ओणवा झाला आणि माझ्याकडे बोट दाखवून डाफरला, "तोंड बंद कर, थेरडे!" डोळ्याची काच धुरकटली होती त्याची. थेरडी म्हटल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

रविवारी अंधार पडता पडता माझं मागचं दार वाजलं. हॉईट आत येऊन टेबलाशी बसला. मी कोंबडी तळून ताटलीत काढली, तंगडी त्याच्या बाजूला ठेवली, आणि पाठ करून नळाखाली भांडी विसळत उभी राहिले.