पडद्याखालचे पाय

ताराकाकूंच्या घरात रोज संध्याकाळी एक मुडदा पडायचा आणि त्या शेंगा फोडत तो बघायच्या. मालिका गमतीची होती. तिच्यातला ढेरपोट्या इन्स्पेक्टर प्रेताशेजारी उभा राहून भजी खायचा आणि शेवटी खुनी पकडून सगळ्यांना चहा पाजायचा. टीव्हीचा आवाज एवढा मोठा, की शेजारी भाकरी थापता थापता मलाही खुनी कळायचा.

"जरा बारीक करा की, काकू," मी एकदा म्हटलं.

"असू दे गं. घरात गडीमानसं हायेत असं वाटतं."

मला ती थट्टा वाटली.

काका गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या. आमच्या शनिशिंगणापुरातल्या जुन्या घरांसारखंच त्यांच्याही घराला दार नव्हतं. चौकटीत नुसता फुलाफुलांचा पडदा. भीती वाटते असं म्हणायची सोय नव्हती, कारण मग देवावर भरवसा नाही असा अर्थ निघाला असता. म्हणून त्या इन्स्पेक्टरबद्दल बोलायच्या. "त्याचं बरं हाय, सुमे. खुनी घावल्याबिगर त्यो घरी जात न्हाई. मंग मलाबी नीज लागती."

एका दुपारी मी त्यांच्याकडे शेंगा निवडत बसले होते. मालिकेचा जुना भाग लागला होता. ऐन रंगात लाईट गेली. घर एकदम गप्प झालं आणि पडद्याखाली दोन पाय दिसले. पुरुषाचे, धुळीने भरलेले. पाय हलेनात, माणूस बोलेना. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

लाईट आली आणि टीव्हीतून इन्स्पेक्टर गरजला, "कोण आहे रे तिकडे?"

पाय गेले. चोर होता की पाणी मागायला आलेला भाविक, कोण जाणे. काकू हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. "लई भ्या वाटतं गं. कुनाला सांगू नगं."

त्यांचा मुलगा केव्हापासून पुण्याला बोलावत होता. पुढच्या खेपेला तो आला, तेव्हा त्यांनी मुकाट्याने पिशवी भरली.

"आता दार आहे, कडी आहे. निवांत झोपत असाल," मी फोनवर म्हटलं. मागे इन्स्पेक्टरचा आवाज पूर्वीइतकाच मोठा होता.

"कुठली नीज," त्या कुजबुजल्या. "पोरगा, सून कामाला जात्यात. मंग बेल वाजती. भाईर कोन हाय ते बगायला दाराला भिंग हाय, पर तितवर माजा डोळा पोचत न्हाई. तिकडं पडद्याखालनं पाय तरी दिसायचे गं."